चितळकरांचा ताळेबंद



संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या स्थितिगतीवर बोलावं अशी रीत आहे. मी आज एका संगीतकाराबद्दल बोलणार आहे. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांबद्दल थोडं आणि ऐकायलाच न मिळणाऱ्या त्यांच्या संगीताबद्दल जास्त. हा विषय इथं, हिवरे बाजारात, काढण्याचं पहिलं कारण म्हणजे ते याच नगर जिल्ह्यातले. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्याला झाला. गोदाकाठचं हे गाव वारकऱ्यांना चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत असतं, रेल्वेच्या प्रवाशांना दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन म्हणून आणि सगळ्या महाराष्ट्राला २०१७ च्या शेतकरी संपामुळे. सी. रामचंद्रांचं गाव म्हणून पुणतांबं किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न मी जिल्ह्यात जाईन तिथं विचारतो आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस गप्प होतो.

नाव सगळ्यांना ठाऊक आहे, हे मान्य. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचं जे गीत गायलं, त्याची चाल यांची. ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘नवरंग’ ही नावं घेतली की साठी ओलांडलेल्यांच्या ओठांवर गाणी येतात. मग या माणसाला उपेक्षित का म्हणायचं? माझं उत्तर असं : त्यांनी शंभराच्या घरात चित्रपटांना संगीत दिलं आणि बाजारात फिरतात ती पंधरा-वीस चित्रपटांतली गाणी. कॅसेट आली तेव्हा तीच, सीडी आली तेव्हा तीच, आता बटण दाबलं की वाजणाऱ्या पेटीतही तीच. उरलेलं काम कुठं आहे? त्यातलं किती शिल्लक आहे? आणि चित्रपटात गाण्यांच्या मधे जे वाजत राहतं ते पार्श्वसंगीत तर आपल्याकडे संगीत म्हणून मोजायचीच पद्धत नाही.

विस्मरण कसं होतं हे समजून घ्यायचं असेल तर या एका माणसाच्या नावांकडे बघा. नट म्हणून ते आर. एन. चितळकर. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये त्यांनी नायकाचं काम केलं. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांकडे पेटी वाजवली. भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’ला १९४२ मध्ये संगीत दिलं तेव्हा ते राम चितळकर. ‘बहादूर प्रताप’, ‘मतवाले’, ‘मददगार’ या चित्रपटांना अण्णासाहेब. ‘ये है दुनिया’ला श्यामू. गायक म्हणून नुसतं चितळकर. आणि या सगळ्यांच्या वर सी. रामचंद्र. शिवाय त्यांनी सुरुवातीला तमिळ चित्रपटांनाही संगीत दिलं. भगवानदादांनीच दिग्दर्शित केलेला ‘वनमोहिनी’ १९४१ चा. आता कल्पना करा, एखादा अभ्यासक रेकॉर्डच्या जुन्या याद्या घेऊन बसला आहे. श्यामू म्हणजे कोण, अण्णासाहेब म्हणजे कोण, हे त्याला आधीपासून माहीत नसेल तर ती पानं तो उलटून पुढे जाणार. भगवानदादांच्या सुरुवातीच्या मारधाडपटांना तर कोणी फारसं गंभीरपणे घेतलंच नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, आणि जुन्या प्रिंटमधली चांदी काढून घ्यायची चाल होती. ‘आलम आरा’सारख्या पहिल्या बोलपटाची प्रत उरली नाही तिथं स्टंटपटांची काळजी कोण करणार?

एक तबकडी हातात घेऊन दाखवतो म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते लक्षात येईल. ही दहा इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. वजनाला जड, हातातून सुटली तर कपबशीसारखी तुकडे होणारी. एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं संगीत मावतं. चित्रपटातलं गाणं साडेचार मिनिटांचं असेल तर त्याला कात्री लागणार. एखादा अंतरा गेला, दोन कडव्यांमधलं वाद्यवृंदाचं काम गेलं, सुरुवातीचे आलाप गेले. पुढच्या काळात जे एलपीवर, कॅसेटवर आलं ते पुष्कळदा या कापलेल्या गाण्यावरूनच. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या ‘पूर्ण’ म्हणून जे गाणं ऐकतो ते अनेकदा अपुरं असतं, आणि पूर्ण गाणं ऐकायचं तर चित्रपटाची धड प्रत हवी. साहित्याच्या माणसांनी हे मनावर घ्यायला हवं, कारण कापला गेलेला अंतरा हा कवीचाही असतो. राजेंद्र कृष्ण, प्यारेलाल संतोषी, भरत व्यास यांच्या कितीतरी ओळी रेकॉर्डवर कधी आल्याच नाहीत. त्या मिळाल्या तर थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांत मिळतील.

आता लेबलकडे या. मधोमध कुत्र्याचं चित्र, खाली चित्रपटाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. कधी कधी गायकाच्या जागी चित्रपटातल्या पात्राचं नाव. १९४९ च्या ‘महल’च्या रेकॉर्डवर लताबाईंऐवजी कामिनी असं छापलं होतं, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. वादकांचं नाव तर लेबलवर कधीच नाही. ‘अलबेला’त जे ट्रम्पेट वाजतं ते वाजवणाऱ्या माणसाचं नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणायचे. ते आणि त्यांचे साथीदार ‘अलबेला’च्या एका गाण्यात पडद्यावरही दिसतात. ते चितळकरांचे साहाय्यक होते. पुणतांब्याचा, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला मुलगा आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक मुंबईत एकत्र येतात आणि हिंदी चित्रपटसंगीताचा बाज बदलतो. आपल्या सांस्कृतिक इतिहासातलं हे मोठं प्रकरण आहे, असं माझं ठाम मत आहे. अजून ते मराठीत नीट लिहिलं गेलेलं नाही.

‘अलबेला’तली अंगाई घ्या. पिलूच्या अंगानं जाणारी. ती चित्रपटात दोनदा येते : एकदा लताबाईंच्या एकट्या आवाजात, एकदा लताबाई आणि चितळकर दोघांच्या. चाल तीच, पण दुसऱ्या वेळी चितळकरांचा तो मऊ, थोडा अनुनासिक, माइकच्या अगदी जवळ येऊन गायलेला आवाज आला की अंगाईचं द्वंद्वगीत होतं. रेडिओवर यातलं कुठलंही एक लागतं आणि फरक कोणी सांगत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकली तर संगीतकार कसा विचार करतो ते कळतं. ‘अनारकली’तही तसंच. मीलनाच्या क्षणी आलेली चाल शेवटी, भिंतीत चिणलं जाताना, पुन्हा येते. तेच स्वर, पण ऐकणाऱ्याला वेगळेच वाटतात. मधल्या वेळात पार्श्वसंगीतानं काय काय केलं तेव्हा कुठं ही जागा तयार झाली. ते पार्श्वसंगीत एका सलग तबकडीवर ऐकायला मिळावं, एवढी साधी इच्छा आहे. माझ्यासारखे कितीतरी जण ही इच्छा मनात धरून म्हातारे झाले.

‘अनारकली’चं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगतो. त्यातलं गीता दत्त यांच्या आवाजातलं एक गीत सी. रामचंद्रांचं नाही, वसंत प्रकाश यांचं आहे. तो चित्रपट आधी त्यांच्याकडे होता. ‘सी. रामचंद्र हिट्स’ म्हणून घाईघाईनं पुड्या बांधल्या की असली नावं पुसली जातात. एका उपेक्षिताला न्याय देताना दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणं मला मंजूर नाही. पुनर्प्रकाशन करायचं तर ते संशोधन करून.

परदेशात हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत इंट्राडा, ला-ला लँड अशा छोट्या कंपन्या आहेत. जुन्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत त्या शोधून काढतात. स्टुडिओच्या गोदामातल्या टेपा, वादकांच्या संघटनेचे हजेरीचे कागद, स्वरलेखनाची बाडं धुंडाळतात आणि मग मर्यादित प्रती काढतात, सोबत जाड पुस्तिका. कुठल्या दिवशी कोण वाजवत होतं, कुठला तुकडा चित्रपटात वापरला, कुठला टाकून दिला, सगळं त्यात. घेणारे थोडे असतात, पण हमखास घेणारे असतात. मूळ ध्वनिमुद्रण हरवलं असेल तर स्वरलेखनावरून वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतात. आपली अडचण इथं आहे. आपल्याकडे वादकांसमोर जे कागद ठेवले जात ते ध्वनिमुद्रण संपलं की कोणी जपले नाहीत. त्यामुळे आपल्याला चित्रपटाची प्रिंट, रेकॉर्ड आणि माणसांची आठवण या तीनच गोष्टींवर भिस्त ठेवावी लागणार.

कायद्याचाही एक मुद्दा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. चित्रपटालाही तेवढीच मुदत. म्हणजे १९४७ च्या ‘शहनाई’च्या रेकॉर्डवरचा तो हक्क २००७ अखेर संपला, १९५१ च्या ‘अलबेला’चा २०११ अखेर. चालींवरचा हक्क मात्र वेगळा. तो रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. चितळकर ५ जानेवारी १९८२ ला गेले, त्यामुळे त्यांच्या चाली २०४२ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. गीतकारांचा हिशेब त्यांच्या त्यांच्या निधनापासून. तेव्हा उठलो आणि छापलं असं चालणार नाही. रचनांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागेल, मानधन द्यावं लागेल, आणि ते द्यायलाच हवं. पण ‘हे सगळं कंपनीच्या कुलपात आहे, आपण काय करणार’ असं म्हणून हात झटकायची सोय आता उरलेली नाही. जुन्या तबकड्यांवरचा पुष्कळसा आवाज आता सगळ्यांची मालमत्ता झाला आहे. तबकडी ज्याच्या घरात आहे त्यानं ती नीट वाजवून, स्वच्छ उतरवून ठेवणं हे पहिलं काम.

आता हिवरे बाजारबद्दल. इथं येऊन या विषयावर बोलायचं ठरवलं ते या गावाच्या एका सवयीमुळे. आपण सगळे पर्जन्यछायेत राहणारी माणसं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले त्या आधीचं हे गाव कसं होतं ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. डोंगर उघडे, विहिरी कोरड्या, तरुण पुण्या-मुंबईकडे निघालेले. मग श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आली, बांधबंदिस्ती झाली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं गावानं ठरवलं. कुटुंबं परत आली. २०२० मध्ये सरकारनं पोपटरावांना पद्मश्री दिली. पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला ते गाव स्वतः मोजतं, आकडे ग्रामसभेत मांडले जातात आणि त्यावर ठरतं की या वर्षी कुठलं पीक परवडेल आणि कुठलं नाही. आधी मोजायचं, मग खर्चायचं.

चितळकरांच्या संगीताचं आपण नेमकं हेच केलेलं नाही. आपण मागणी करतो, निवेदनं देतो, जयंतीला हार घालतो. शिल्लक किती आहे ते मोजलेलं नाही. कुठल्या चित्रपटाची प्रिंट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, कुठल्याची फक्त रेकॉर्ड उरली आहे, कुठल्याची नुसती चोपडी, आणि कुठल्याचं काहीच नाही, असा चित्रपटवार, गाणंवार, नावानिशी तक्ता मराठीत हवा. या कामाला आधार नाही असं नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ करून पायाचं काम आयुष्यभर केलं. मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संघटना १९९० पासून काम करते आहे. स्वतः चितळकरांचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र १९७७ मध्ये आलं. ते या तक्त्यासाठी आधाराचं पहिलं पुस्तक आहे. आत्मचरित्र हे आत्मचरित्रच असतं, त्यातली प्रत्येक आठवण ताडून पाहावी लागते. ‘आझाद’ची गोष्ट सगळे सांगतात. महिनाभरात सगळी गाणी हवीत म्हटल्यावर नौशाद यांनी नकार दिला आणि चितळकरांनी ती करून दाखवली. गोष्ट छान आहे. पण त्या महिन्यात कोण कोण वादक होते, मद्रासकडच्या निर्मात्याचं काम मुंबईत कसं चाललं, हे कोणी लिहून ठेवलं असेल तर ते मला त्या गोष्टीपेक्षा जास्त हवं आहे.

मराठी बाजू तर आणखी पातळ आहे. १९६६ चा ‘धनंजय’, १९७० चा ‘घरकुल’. दोन्हींत त्यांनी संगीत दिलं आणि कामही केलं. ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांची रचना आशाबाईंच्या आवाजात आहे. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. ‘गीतरामायण’ घराघरांत पोचलं, त्याच कवीचं ‘गीतगोपाल’ मागे राहिलं. ‘गीतरामायण’ला चाली देणाऱ्या बाबूजींच्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण गदिमांवर प्रेम करणाऱ्या महाराष्ट्राला त्यांच्या या रचनांची संपूर्ण, स्वच्छ, गीतांच्या संहितेसह ध्वनिमुद्रिका मागायची इच्छा होऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

आणि चितळकर एकटे नाहीत. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याचे संगीतकार वसंत पवार. त्यांच्या लावण्यांशिवाय आजही मराठी कार्यक्रम रंगत नाही, आणि त्यांचं नाव निवेदक घेत नाही. भास्कर चंदावरकरांनी ‘सामना’पासून ‘श्वास’पर्यंत पार्श्वसंगीताचा जो संयत वापर केला तो स्वतंत्रपणे ऐकण्याजोगा आहे. वसंत देसाई आहेत, राम कदम आहेत. पण सगळ्यांचं एकदम करू म्हटलं की कुणाचंच होत नाही. आपल्या जिल्ह्यानं आपल्या माणसापासून सुरुवात करावी.

पैसा कुठून येणार, असा प्रश्न येईल. मराठी माणसाला याचं उत्तर परकं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, गावोगाव भाग विकले आणि २३ खंड उभे केले. आपले प्रकाशक आजही मोठा ग्रंथ काढताना प्रकाशनपूर्व नोंदणी करतात. वाचक पुस्तक बघण्याआधी पैसे भरतो, कारण त्याला ते व्हायला हवं असतं. तसंच इथं करता येईल. एक चित्रपट घ्यायचा, मी ‘अलबेला’ म्हणेन. त्याची सगळी गाणी चित्रपटातल्या पूर्ण लांबीत, जिथं मिळतील तिथं पार्श्वसंगीताचे तुकडे, रेकॉर्डवरच्या आवृत्त्या वेगळ्या, आणि सोबत शंभरेक पानांची मराठी पुस्तिका : गीतांची संहिता, वादकांची नावं, लेबलांची छायाचित्रं, कुठलं कुठून मिळालं त्याची नोंद. हक्कधारकांशी रीतसर करार. हजार जणांनी आगाऊ नावं नोंदवली तर कुठलीही कंपनी आपल्याशी बोलायला बसेल. कंपन्यांना आपल्या भावनांशी देणंघेणं नसतं, नोंदवलेल्या प्रतींशी असतं, आणि त्यात वावगं काही नाही.

माझी या संमेलनाला विनंती आहे की यावर एक ठराव करावा, आणि ठरावात मागणी सरकारकडे नको, कामाची वाटणी आपल्यात असावी. श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, नगर या गावांत जुनी थिएटरं होती, रेकॉर्डची दुकानं होती, सायकलवर लाउडस्पीकर नेऊन लग्नं वाजवणारी माणसं होती. त्यांच्या घरांत पेट्या आहेत. त्या भंगारात जायच्या आधी उघडा. रेकॉर्ड ओल्या फडक्यानं घासू नका, एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. लेबलवरचं सगळं जसंच्या तसं उतरवा, अगदी चुकीचं वाटलं तरी. कॅटलॉगचा क्रमांक आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक, दोन्ही. गाण्यांच्या चोपड्या सापडल्या तर पानं सुटी करू नका. लाउडस्पीकरवाला, बँडवाला, थिएटरचा ऑपरेटर अजून हयात असेल तर त्याच्याशी बोला आणि ते बोलणं लिहून काढा. शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचाच असतो, तो हा द्या.

येत्या १२ जानेवारीला पुणतांब्यात जमू. हारतुरे नकोत, भाषणं नकोत. प्रत्येकानं आपल्या गावची यादी घेऊन यावं, ज्याच्याकडे एकच तबकडी निघाली असेल त्यानं त्या एका तबकडीची.